वाळूचं गणित आणि आमचा धाकटा

माझा धाकटा भाऊ खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो. यात विशेष काही नाही, तसं सगळ्यांनीच करावं. पण हा खोलीत दुसरं कुणी बसलेलं असलं तरी बंद करतो. मी कितीतरी वेळा अंधारात बसून हाक मारली असेल, "अरे धाकट्या, मी आहे ना अजून इथे." मग तो परत येतो, दिवा लावतो, "सॉरी ताई" म्हणतो आणि जाता जाता पंखा थोडा कमी करून जातो.

त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, लग्नानंतर थोड्याच दिवसांत हात टेकले. तिनं दूध तापायला ठेवलं की हा उकळी यायच्या आत गॅस बंद करणार. का, तर भांडं गरम असतं, तेवढ्यावर दूध आपोआप वर येतं. येतं खरं. पण कधीकधी येत नाही, आणि संध्याकाळी ते नासतं. मग हा त्या भांड्याकडे असा बघत राहतो, जणू भांड्यानं याला शब्द दिला होता आणि पाळला नाही.

आणि असा माणूस नोकरी काय करतो, तर गावातली सगळ्यात जास्त वीज खाणारी खोली सांभाळतो. नशिबानं थट्टा करावी तर किती.

आम्ही सगळे एकाच इमारतीत राहतो. तळाला माझी लाँड्री, तिच्यावर आमचं बिऱ्हाड, आमच्यावर धाकट्याचं. त्याला मूल नाही. माझी मुलगी ठमी निम्मी माझ्याकडे आणि निम्मी त्याच्याकडे वाढली. ठमी हे घरातलं नाव. आता ती पुलांवर संशोधन करते आणि चारचौघांत मी तिला ठमे म्हटलं की डोळे वटारते, पण इतक्या वर्षांची जीभ माझी, ती काय ऐकते.

गिऱ्हाइकं विचारतात, तुमचे भाऊ काय करतात. मी सांगते, संशोधन संस्थेत मोठा कॉम्प्युटर सांभाळतो. की लगेच, "मग आमचा लॅपटॉप बघतील का हो, फार हळू चालतो." मी एकदा एकाचा लॅपटॉप खरंच वर पाठवला. धाकट्यानं तो पुसला, त्याचा पंखा साफ केला, आणि "हळू चालतोय ते बरंच आहे" असा निरोप देऊन परत पाठवला. ते गिऱ्हाईक नंतर आलं नाही.

त्याचा तो कॉम्प्युटर मी पाहिलाय. तो डबा विसरला होता, मी द्यायला गेले होते. एक लांबच लांब हॉल, त्यात माणसापेक्षा उंच काळी कपाटं ओळीनं उभी. जमिनीला भोकं, त्यातून गार वारा पायाला लागतो. कपाटांच्या पुढच्या बाजूला उभं राहिलं तर थंडी वाजते, मागच्या बाजूला गेलं तर माझ्या ड्रायरमागे असते तशी धग. आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. धाकटा मला एकेका कपाटाच्या मागे नेत होता आणि दाराला हात लावून बघत होता, ताप आलाय का बघतात तसा. बाहेर त्याची काचेची केबिन आहे. तिथे तो भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो.

"हा एक कॉम्प्युटर नाही ताई," तो ओरडून सांगत होता, "खूप आहेत. एकच मोठं गणित तुकडे करून सगळ्यांना वाटून द्यायचं. प्रत्येकानं आपला तुकडा केला की सगळ्यांनी एकमेकांना उत्तर सांगायचं आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा. एक जरी मागे राहिला तरी बाकीचे थांबतात."

"थांबून काय करतात?"

"वाट बघतात. पण वीज खातच राहतात."

"माझ्या लाँड्रीतही आहेत असे दोघं," मी म्हटलं. तो हसला नाही. त्याला वाटलं मी खरंच काही माहिती देतेय.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती मला अजून नीट कळलेली नाही, त्यामुळे तुम्हालाही कळली नाही तर दोष माझा धरू नका. मी ती धाकट्याकडून ऐकली आहे, ठमीकडून ऐकली आहे, आमच्या ह्यांनी तर मला कागदावर चित्र काढून समजावली आहे. ह्यांनी समजावल्यावर तर सगळंच डोक्यावरून गेलं.

त्या उन्हाळ्यात संस्थेच्या साहेबांनी धाकट्याला बोलावलं. साहेब म्हणजे तिथले संचालक. त्यांनी सांगितलं, आपल्या इमारतीला येणारी वीज पुरत नाही, तारा तापतात, वीज कमी वापरा, नाहीतर निम्मी कपाटं कायमची बंद करावी लागतील. निम्मी कपाटं बंद म्हणजे निम्म्या लोकांची गणितं बंद. धाकटा म्हणाला, बंद नको, मी सगळीच जरा हळू चालवतो. साहेब म्हणाले, काय करायचं ते करा, मला विजेचा आकडा खाली दिसला पाहिजे. आणि संशोधक मंडळी म्हणाली, काय करायचं ते करा, आमचं गणित वेळेवर झालं पाहिजे. अशा दोघांच्या मधे आमचा धाकटा.

एकदा सकाळी तो लाँड्रीत आला. सकाळी कामावर जाताना तो रोज आत डोकावायचा, आणि कुणाची इस्त्री नुसतीच तापत पडलेली दिसली की बटण बंद करून जायचा. माझ्याकडच्या कामाच्या बायका त्याला पाहिलं की इस्त्री उचलून शर्टावर ठेवायच्या. तर त्या दिवशी तो टेबलाला टेकून म्हणाला, "वेग थोडासा कमी केला ना ताई, तर वीज पुष्कळ कमी लागते."

"मग इस्त्रीसारखंच झालं," मी म्हटलं. "मंद ठेवली की कमी खाते."

"नाही, तसं नाही. मंद इस्त्रीनं सुरकुती जात नाही, पुन्हा फिरवावी लागते. इथे उत्तर तेच येतं. फक्त उशिरा."

"मग करून टाक मंद. प्रश्न मिटला."

"पण फार मंद केलं तर गणित जास्त वेळ चालतं. तेवढा वेळ पंखे चालू, गार हवा चालू. वाचलेली सगळी वीज तिकडे जाते."

"म्हणजे मंद करायचं की नाही करायचं?"

"करायचं. पण मध्येच कुठेतरी."

"मध्ये म्हणजे कुठे?"

"तेच शोधतोय," तो म्हणाला, आणि एक इस्त्री बंद करून गेला.

ते मध्ये प्रत्येक गणिताचं वेगळं निघालं, ही पुढची भानगड. त्याचं म्हणणं असं की गणितं दोन जातीची असतात. एक नुसती राबणारी. त्यांचा वेग कमी केला की ती तेवढी मागे पडतात. दुसरी वाट बघणारी. त्यांना लागणारे आकडे यंत्राच्या साठ्यातून यायलाच वेळ लागतो, त्यामुळे वेग कमी केला तरी त्यांना फारसं काही होत नाही, कारण ती तशीही बसलेलीच असतात. धाकट्यानं तो सगळा उन्हाळा प्रत्येकाचं गणित डोळ्यांत तेल घालून तपासण्यात घालवला. रोज कुणीतरी त्याच्या केबिनमध्ये भांडायला यायचं. भांडायला आलेल्या माणसाला तो आधी खुर्ची पुढे करतो. ही त्याची लहानपणापासूनची पद्धत आहे. बसलेल्या माणसाला नीट ओरडता येत नाही.

ठमीचं गणितही तिथेच चालायचं. तिचा विषय असा की नदीचं पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालून जाताना खांबाच्या बुडाची वाळू कशी उकरून नेतं. म्हणजे पूल वरून धडधाकट दिसतो आणि खाली खड्डा होत असतो. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिच्यासाठी एक नोकरी बघून ठेवली होती, पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात. अट एकच, प्रबंध ठरलेल्या तारखेला हातात हवा. तिला ती नोकरी इतकी हवी होती की ती झोपेतही खांबाचं बोलायची. माझी लेक कुठल्या गोष्टीसाठी अशी जीव टाकताना मी आधी पाहिली नव्हती.

पण मामा-भाचीनं घरात त्याबद्दल बोलायचं नाही, असा धाकट्याचा नियम. ठमीला तिथे पहिल्यांदा काम करायची परवानगी मिळाली तेव्हा कुणीतरी मागे पुटपुटलं होतं, "हिला काय, मामाच आहे." ते धाकट्याच्या कानावर गेलं आणि फार लागलं. त्यानं घरी येऊन जाहीर केलं, "ठमे, तिथे तू माझी कुणी नाहीस. रांगेत उभी राहा, काय हवं ते सगळ्यांसारखं अर्ज करून माग. घरात यंत्राचा विषय नको." ठमीनं मान डोलावली. मला ते तेव्हा फार बरं वाटलं होतं. म्हटलं, भाऊ माझा सरळ आहे.

विषय नको म्हणाला, पण स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं नाही. एकदा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. हा सांगायला लागला की लोक गणित चालू असताना मध्ये मध्ये साठवून ठेवतात. म्हणजे कुठपर्यंत आलं ते यंत्र लिहून ठेवतं, मध्येच बंद पडलं तर तिथून पुढे सुरू करता येतं. शहाणपणाचं आहे. पण लिहीपर्यंत कपाटांची सगळी रांग ताटकळत उभी, वीज फुकट. "लोक विनाकारण साठवत बसतात," हा म्हणाला. "साहेब मला बोलतात, आणि वीज जाते ती अशी." भावजय म्हणाली, जेवा आता. ठमी ऐकत होती. मीही त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, मला काय ठाऊक त्यात काय दडलंय.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, मी काउंटरवर कॉलरचे डाग बघत होते. ठमी आली आणि न धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यावर बसली.

"ऊठ ठमे, हॉटेलच्या चादरी आहेत त्या."

ती उठली नाही. "आई, थांबवलं," म्हणाली.

"कुणी?"

"यंत्रानं. माझी मुदत संपली."

आता ही मुदत काय ते सांगते. गणित देतानाच सांगावं लागतं की मला इतका वेळ लागेल. तेवढा वेळ संपला की यंत्र विचारत नाही, गणित बंद करतं. आणि मुदत कमी मागितली तर रांगेत लवकर जागा मिळते, कारण दोन मोठ्या गणितांच्या मधल्या फटीत बसवता येतं. ठमीला घाई होती, तिनं मोजकी मुदत मागितली. आणि ती संपली तेव्हा गणित अगदी थोडं राहिलं होतं.

"मग राहिलेलं सुरू कर ना," मी म्हटलं.

"कुठून? काहीच नाहीये. सगळं पहिल्यापासून. आणि आता रांगेत नंबर लागेपर्यंत तारीख निघून जाईल."

मला असं काही झालं की आधी राग येतो, रडू मागाहून. मी आमच्या ह्यांना म्हटलं दुकान बघा, ह्यांनी हातातला अर्धा घडी घातलेला शर्ट तसाच धरून मान हलवली, आणि मी तशीच तडक संस्थेत निघाले. ठमी मागून "आई, नको ना, आई" करत येत होती.

धाकटा केबिनमध्ये स्वेटर घालून बसला होता. मला पाहून त्यानं खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. मला ती युक्ती माहीत आहे.

"ठमीचं गणित बंद पडलं, ठाऊक आहे का तुला?"

"हो," तो म्हणाला.

"कधी कळलं?"

"बंद पडायच्या आधी."

"आधी म्हणजे? तू बघत होतास?"

"पडद्यावर दिसत होतं, ताई. मुदत संपत आली होती आणि गणित बाकी होतं."

"मग वाढवून द्यायची मुदत. अवघड असतं का ते?"

"नाही. एक ओळ लिहायची."

"एक ओळ," मी म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सख्ख्या भाचीसाठी तुला एक ओळ लिहवली नाही?"

"तिनं मागितली नव्हती. मागितल्याशिवाय मी कुणालाच देत नाही. तिला दिली असती तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्याला नाही म्हणणार? हात कळफलकावर होता ताई माझा. मी काढून घेतला." मग घाईघाईनं म्हणाला, "पण त्यानं काही बिघडत नाही. मध्ये साठवलेलं असणारच. संध्याकाळी काही कपाटं मोकळी होतायत, छोट्या कामाला लगेच जागा मिळेल. तिथून पुढे सुरू केलं की उद्यापर्यंत झालं. मी तोच हिशेब करून गप्प बसलो."

ठमी दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, साठवलेलं नाहीये."

"म्हणजे?"

"मी ते बंद ठेवलं होतं."

"बंद? कशासाठी?"

"तू म्हणालास ना जेवताना. साठवताना सगळी रांग उभी राहते आणि वीज फुकट जाते, साहेब तुला बोलतात. म्हटलं निदान माझ्यामुळे तरी तुला बोलणी नकोत."

धाकट्यानं खुर्चीवरचा हात काढला. "विनाकारण साठवू नये म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "बंद कर नव्हतो म्हणालो."

"हो. पण मुदतीत संपणार याची खात्री होती मला. माझं गणित वाट बघणाऱ्यांतलं, तूच तपासून तसं लावलं होतंस. वेग कमी केला तरी फरक पडणार नव्हता."

"ते पाण्याचं गणित होतं. आज तुझी कपाटं राबणाऱ्यांसारखी तापली होती. काय घातलंस त्यात?"

"वाळू. आधी नुसतं पाणी होतं. या वेळी वाळूचा कण न् कण घातला."

"म्हणजे ते राबणारं झालं, आणि मी ते मंद वेगातच चालवत होतो. अगं, मला सांगायचंस."

"यंत्राचा विषय घरात नको, असं तूच..." ठमी बोलता बोलता थांबली.

काचेपलीकडे ती कपाटं आपली घोंघावत होती. मी भांडायला आले होते, भांडण अगदी ओठांवर होतं, आणि आता ते कुणाच्या अंगावर टाकावं तेच कळेना. भावानं नियम पाळला म्हणून त्याच्यावर? लेकीनं मामाची काळजी केली म्हणून तिच्यावर? मी त्या खुर्चीवर बसले.

"म्हणजे चूक कुणाची?" मी विचारलं.

"तेच कळत नाहीये, ताई," धाकटा म्हणाला. दिव्यासाठी ऊठसूट सॉरी म्हणणारा माणूस, त्या दिवशी त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मला वाटतं, तेवढ्यानं भागणार नाही हे त्याला कळलं होतं.

ठमीच्या मार्गदर्शक बाईंनी पुष्कळ धडपड केली, पण तारीख ती तारीख. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. बाईंनी ठमीची यंत्रावरची परवानगी तेवढी चालू ठेवली, आणि ती सगळ्यांच्या मागे रांगेत उभी राहिली. दिवसा ती माझ्या काउंटरवर बसायला लागली. हसून बोलायची, पावत्या नीट लिहायची, कुणाचा शर्ट कुणाला गेला नाही. ते बघून मला जास्त वाईट वाटायचं. चिडली असती, आदळआपट केली असती, तर मला माझ्या लेकीची ओळख पटली असती.

धाकट्यानं सकाळी लाँड्रीत डोकावणं बंद केलं. दारावरून खाली मान घालून जायचा. इस्त्र्या दिवसभर तापत पडायच्या आणि माझ्या बायकांनाही करमेनासं झालं. एकदा भावजय खाली येऊन म्हणाली, "वन्सं, आज दूध उतू गेलं. हे समोर उभे होते. बघत होते नुसते."

मला त्याचा राग यायचा आणि त्याची कीवही यायची, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं खरं कुठलं ते ठरेना. म्हणून मी दोन्ही करत होते. सकाळी त्याच्याशी अबोला धरायचा आणि संध्याकाळी भावजयीला विचारायचं, जेवला का तो.

मग एके संध्याकाळी तो मला जिन्यात भेटला. पायरीवरच बसला होता. म्हणाला, "ताई, साहेबांनी आज माझं कौतुक केलं. सगळ्यांसमोर."

"कशाबद्दल?" मी अबोला विसरले.

"वीज कमी झाली, आणि यंत्र एक क्षणही रिकामं नव्हतं म्हणून. ज्या दिवशी ठमीचं बंद पडलं ना, तो दिवस तर सगळ्यात चांगला म्हणाले. वीज कमी आणि कपाटं भरलेली." तो पायरीवर बोटानं काहीतरी गिरवत होता. "मी म्हटलं, साहेब, त्यातलं बरंच वाया गेलं. ते म्हणाले, यंत्र चाललं ना? म्हटलं, चाललं. म्हणाले, मग? ताई, तू एखादा शर्ट धुतलास, इस्त्री केलीस, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तुझ्या हातून जळला, तर तो केलेल्या कामात धरशील?"

"गिऱ्हाईक माझा जीव घेईल."

"साहेब धरतात. मीही धरत होतो इतके दिवस." मग तो म्हणाला, "मी वीज मोजत बसलो. कुणाच्या हातात उत्तर पडलं का, ते मोजलंच नाही. उत्तर हातात पडलं तर वीज वापरली. नाही पडलं तर नुसती सांडली. मग मी काय वाचवलं, तेच कळेना झालंय मला."

मला तरी काय कळणार. मी त्याच्याजवळ पायरीवर बसले. जिन्यातला दिवा उगाचच चालू होता, आणि त्यानं मान वर करून पाहिलंही नाही.

त्यानंतर त्यानं तिथे काय काय बदललं म्हणे. मुदत संपत आली की यंत्र आता आधी माणसाला निरोप पाठवतं. साहेबांना आता पूर्ण झालेल्या गणितांचा आकडाही बघावा लागतो. साहेब कुरकुरले. विजेचा आकडा थोडा वर गेला, संशोधकांचा वेग थोडा खाली राहिला, आणि दोन्हीकडचे लोक अजूनही भांडायला येतात. मध्ये कुठेतरी जे असतं ते त्याला सापडलं का, ते मी विचारत नाही. सापडलं असतं तर त्यानंच सांगितलं असतं.

उन्हाळा सरून कितीतरी दिवसांनी ठमीचा नंबर लागला. ते गणित पुरं झालं, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. खांबाखालचा खड्डा कुठून सुरू होतो ते तिला सापडलं. प्रबंध दिला. तशी नोकरी अजून नाही, दोन ठिकाणी अर्ज आहेत. पण मला सांगायचंय ते गणित चालू होतं तेव्हाचं.

भर दुपारी, कामाच्या वेळेला, धाकटा लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत कामाच्या वेळेला तो घरी आला नव्हता, स्वतःला ताप असतानाही. स्वेटर अंगात तसाच. धापा टाकत होता, चालत नव्हे तर जवळजवळ पळतच आला असावा. माझ्या हातातला हँगर पडला. म्हटलं, पुन्हा झालं काहीतरी.

"ठमे," तो म्हणाला, "तुझी मुदत संपत आलीय. वाढवून हवीय का?"

सगळ्यांसमोर म्हणाला. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक त्याच्याच संस्थेतला होता. धाकट्यानं त्याला पाहिलं होतं.

ठमी काउंटरवरून उठली. "निरोप आला होता मामा. सकाळीच अर्ज केलाय."

"पोहोचला नाही माझ्यापर्यंत." मग स्वतःशीच म्हणाला, "मी बघितलाच नाही. पडद्यावर तुझं नाव दिसलं आणि निघालो."

"आणि साठवणंही चालू आहे," ठमी म्हणाली. "दर थोड्या वेळानं साठवतंय. फारच वेळा होतंय खरं. रांग उभी राहते तुझी. वीज जाते."

धाकट्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती लहान असताना ठेवायचा तसा.

"जाऊ दे," तो म्हणाला.

बस, एवढंच. ठमी खाली बसली आणि पावतीचं पुस्तक तोंडासमोर धरून रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गिऱ्हाइकं भिंतीकडे बघायला लागली. मीही रडत होते, आणि कशासाठी ते मला सांगता आलं नसतं. धाकटा अर्ज बघायचा राहिलाय म्हणत आला तसाच परत निघाला. जाताना तो टेबलाजवळून गेला. तिथे एक इस्त्री कुणी न धरता, लाल दिवा लावून, नुसतीच तापत पडली होती. तो तिच्या अगदी शेजारून गेला आणि त्याला ती दिसली नाही. मग मीच उठून तिचं बटण बंद केलं.